उसना आवाज

सातारा, सांगली, कराड, जत ही गावं ओठ न हलवता उच्चारता येतात. पुणे आणि मुंबई येत नाहीत. मोठ्या शहरात जाऊन नाव का काढलं नाही असं कुणी विचारलं, की वाचस्पती हे कारण सांगत. सांगताना चेहरा इतका कोरा ठेवत की हसायचं की हळहळायचं, या पेचात विचारणारा माणूस पडे आणि विषय बदले.

वाचस्पती हे त्यांचं नाव नव्हे. एका संस्थेनं त्यांना ‘शब्दभ्रम-वाचस्पती’ अशी पदवी दिली होती. त्याच समारंभात आणखी चाळीसेक जणांना पदव्या मिळाल्या. त्यात एक मधमाश्या पाळणारे होते, दोन ज्योतिषी होते आणि आपल्याला पदवी कशाबद्दल मिळते आहे हे ठाऊक नसलेले एक गृहस्थही होते. शाली कमी पडल्या, म्हणून शेवटच्या दहा जणांनी शाल पांघरून फोटो काढायचा आणि ती पुढच्याला द्यायची, अशी व्यवस्था झाली. वाचस्पती दहावे. शाल त्यांच्याजवळच राहिली आणि ते त्या दिवसापुरते सर्वांत भाग्यवान ठरले. मी ही पदवी आधी चेष्टेनं वापरायला लागलो, मग तोंडात बसली.

मांडीवर बाहुली घ्यायची, आपले ओठ स्थिर ठेवायचे आणि बाहुलीच बोलते आहे असा भास करून द्यायचा, हा त्यांचा धंदा. इतकी वर्षं तो केल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर एक अर्धवट उघडं, गोठलेलं हसू कायमचं बसलं होतं. त्यांना प्रथम भेटणारे लोक हळू आवाजात विचारत, “झटका कधी आला होता?” न्हावी मात्र त्यांच्यावर खूश असत. मिशीला कात्री लावताना इतकं न हलणारं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं.

मी तेव्हा सातारच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो. अध्यापन आनंददायी करावे असं परिपत्रक आलं. आनंद हा विषय कुणाकडे द्यायचा यावर शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली आणि मी त्या वेळी वर्गात असल्यानं तो माझ्याकडे आला. सांगलीजवळ माधवनगरला दहा दिवसांचं शिबिर होतं. वाचस्पती तिथलेच. त्यांचे वडील तिथल्या कापडगिरणीत कामाला होते. बंद पडलेल्या मागांच्या एका शेडमध्ये आमचा वर्ग भरे. छपराच्या लोखंडी कैच्यांना अजून कापसाचा भुरा चिकटलेला होता आणि पंखा लावला की तो आमच्या डोक्यावर पडे.

पहिल्या दिवशी आम्ही सतरा शिक्षक होतो, शेवटच्या दिवशी चार. आयोजकांनी प्रमाणपत्रं उद्घाटनालाच वाटून टाकली होती.

वाचस्पती समोर आरसा आणि आरशाशेजारी पेटती मेणबत्ती ठेवायला लावत. प, फ, ब, भ, म म्हटलं की ओठ मिटतात, ज्योत हलते. ती हलू न देता बोलायचं. “बाबा म्हणायचंय ना? डोक्यात बाबा म्हणा आणि जिभेनं दादा म्हणा. ऐकणारा बाबाच ऐकतो. लोकांना जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं,” ते म्हणत. त्यांच्या सगळ्या शिकवण्यात मला पटलेलं हे एकच वाक्य, आणि ते या विद्येच्या बाहेरही लागू पडतं.

त्यांचा दुसरा नियम असा की बाहुलीचा आवाज मनानं काढायचा नाही. तो ओळखीच्या माणसाचा उसना घ्यायचा, आणि तो माणूस जिवंत पाहिजे.

“जिवंत का?” मी विचारलं.

“मेलेला माणूस चूक कशी सांगणार?”

“जिवंत माणूस येतो का सांगायला?”

यावर ते मेणबत्तीची काजळी काढत बसले.

मी आमच्या मुख्याध्यापकांचा आवाज घेतला. दहा दिवसांत मला एवढंच जमलं की मुख्याध्यापक गप्प असताना ते हुबेहूब वाटत.

त्यांच्या तीन बाहुल्या होत्या आणि तिन्ही त्यांनी स्वतः कागदाच्या लगद्यापासून घडवलेल्या. पहिला मेजर. हा रिटायर फौजी, गलमिश्यांचा, मराठीला हिंदीचा पट्टा बांधून बोलणारा. दुसरे अध्यक्ष. यांना फक्त डोकं, शाल आणि न मिटणारं तोंड. अध्यक्ष कुठल्याही प्रश्नाचं उत्तर “याचा मला अतिशय आनंद होत आहे” असं देत. गटार तुंबलंय, याचा मला अतिशय आनंद होत आहे. एका कार्यक्रमात खरे अध्यक्ष शेजारी बसले असताना वाचस्पतींनी या बाहुल्याला बाहेर काढलं. मी मागच्या दाराकडे सरकलो. खरे अध्यक्ष मांडीवर थाप मारून सर्वांत जास्त हसले. नंतर मला म्हणाले, “आमच्या तालुक्यातले अमुक अमुक हुबेहूब उभे केले हो!”

तिसरी मावशी. कार्यक्रम तिच्यावर चाले. नाकात नथीऐवजी साधी मोरणी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अंगावर खऱ्या जुन्या इरकली लुगड्याचा तुकडा. ती प्रत्येक वाक्य “मी काय बोलत न्हाई, पण” असं सुरू करी आणि मग पंधरा मिनिटं थांबत नसे. सुनेबद्दल, सरपंचाबद्दल, एस.टी.च्या कंडक्टरबद्दल, देवाबद्दल. तिचा शेवटचा प्रसंग ठरलेला. नवरा मरायला टेकलाय आणि मावशी त्याला फैलावर घेते आहे: “आवं, जवारीची पेरनी तोंडावर आलीया, रानात वल हाय, आन् तुमी निघालाय व्हय? पेरनी हुस्तवर तरी थांबा की!” इथं सभागृह कोसळे. सातारला, सांगलीला, कराडला, मी कुठंही हे वाक्य वाया गेलेलं पाहिलं नाही. बायका जास्त हसत.

बाहुल्या नुसत्या रंगमंचावर बोलत असत्या तर मी त्यांच्या वाटेला गेलो नसतो. पण वाचस्पतींना अडचणीचं असं काहीही स्वतःच्या तोंडानं बोलता येत नसे. हॉटेलात चहा बिघडला की शबनम पिशवीतून मेजरचं डोकं वर येई आणि दरडावे, “ये चाय है या बर्तन धोया हुआ पानी?” मग वाचस्पतीच वेटरची माफी मागत, “जाऊ दे, त्याचा स्वभावच तसा आहे.” कार्यक्रमाला वेळ किती देणार हे मावशी विचारी. एकदा दवाखान्यात कुठं दुखतंय ते डॉक्टरला सांगायची वेळ आली तेव्हाही त्यांचा हात पिशवीकडे गेला होता. डॉक्टर हुशार होते, त्यांनी पिशवी नर्सकडे दिली. वाचस्पती मग काहीच सांगू शकले नाहीत आणि पोटदुखीवर औषध घेऊन आले. दुखत पाठ होती.

त्या पाठीमुळेच मी त्यांच्या आयुष्यात अडकलो. बाहुल्यांची ट्रंक घेऊन एस.टी.नं फिरणं त्यांना बंद करावं लागलं. माझ्याकडे जुनी गाडी होती, रविवार होते, आणि नाही म्हणायची सवय नव्हती. हे सगळं त्यांना शिबिरातच कळलं होतं. मावशी मागच्या सीटवर पट्टा लावून बसे. मी आरशात बघितलं की ती माझ्याकडेच बघत असे.

अशाच एका रविवारी सातारचा कार्यक्रम लवकर आटोपला तेव्हा ते म्हणाले, “वडूजकडनं जाऊ या.” सांगलीला जायला वडूज वाटेत लागत नाही. मी तसं म्हणालो.

“तिथनं पुढं एक गाव आहे. माझी बहीण असते. आक्का.”

“बऱ्याच दिवसांत गेला नाहीत वाटतं.”

“जातो. ती बोलत नाही.”

“का?”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग पिशवीतून मेजर निघाला. “साब, मामला गंभीर है.”

“तुम्ही स्वतः सांगा,” मी म्हणालो.

“साहब को बोलने की परमिशन नहीं है.”

मी गाडी बाभळीखाली थांबवली आणि इंजिन बंद केलं. अखेर हकिगत कळली ती मेजरकडूनच. एवढी घरगुती गोष्ट मी फौजी हिंदीत ऐकली.

आई गेली तेव्हा वाचस्पती चार वर्षांचे आणि आक्का बारा वर्षांची. वडील गिरणीत. हे पोर जेवायचं नाही. मग आक्का भाताच्या पळीला डोळे काढायची, पळी हातात धरून तिच्याकडून बोलवायची: “मी काय बोलत न्हाई, पण ह्यो घास कुनाचा?” पुढं तिला खटाव भागात दिली. मेंढरं राखणारं घर, आता शेती बघणारं. नवरा भला माणूस, पण लवकर अंथरुणाला खिळला. तो गेला त्या दिवशी हे तिथंच होते. पेरणीचं ते वाक्य त्यांनी त्या दिवशी आक्काच्या तोंडून ऐकलं. वर्षभरानं त्यांनी तिच्याकडून एक जुनं लुगडं मागून घेतलं, बाहुल्या पुसायला म्हणून.

मग तिच्याच गावच्या जत्रेत यांचा कार्यक्रम ठरला. भाऊ येणार म्हणून आक्का पुढच्या रांगेत बायकांना घेऊन बसली होती. मावशी बाहेर आली तेव्हा तिनं आधी लुगडं ओळखलं, मग आवाज. शेवटचा प्रसंग झाला. सगळं गाव हसलं, कारण सगळ्या गावाला माहीत होतं हे कुणाचं. आक्का उठली आणि घरी गेली. याला सहा वर्षं झाली होती.

“उसके बाद बहनजी ने बात नहीं की,” मेजर म्हणाला आणि पिशवीत गेला.

“तरी तुम्ही तो प्रसंग करताच,” मी म्हणालो.

“तो काढला तर उरतं काय?” हे त्यांनी स्वतःच्या आवाजात म्हटलं. किंचित घोगरा, कुठंही सापडेल असा आवाज. “आणि तिचं बोलणं मला दुसरीकडं कुठं ऐकायला मिळतं?”

आक्का उंच, हाडकुळ्या, सत्तरीच्या. दारात आल्या, मी सातारचा शिक्षक असं सांगितल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, “या गुरुजी. पानी घ्या. लांबनं आलासा.” मी दचकलो. मागच्या सीटवरची मावशीच बोलली असं वाटलं. पाण्याचे तांबे दोन आणले होते. एक माझ्या हातात दिला, दुसरा वाचस्पतींपुढं जमिनीवर ठेवला.

आमच्याकडे अबोला म्हणजे तोडून टाकणं नव्हे. अबोल्यातही पाणी, भाकरी, अंथरूण, सगळं नीट होतं. फक्त मध्ये तिसरं माणूस लागतं. घरात लहान पोर असलं तर ते हे काम करतं. आक्कांच्या घरात सून होती, पण ती चुलीपाशी. तेव्हा मी.

“गुरुजी, त्यास्नी म्हनावं, भाकर वाडू का?” आक्का म्हणाल्या. ‘त्यास्नी’ म्हणजे भाऊ, तीन हातांवर बसलेला.

“वाढू का विचारतायत,” मी म्हणालो.

“तिला सांगा, थोडीच.”

“थोडीच म्हणतायत.”

“त्यास्नी म्हनावं, थोडी म्हंजे किती? ल्हानपनापास्नं असंच. थोडी म्हनायचं आन् उठून डबडी हुडकायची. मी काय बोलत न्हाई, पण सांगा त्यास्नी.”

“किती, ते विचारतायत.”

“एक.”

“एक.”

“एकात काय व्हतंय? दोन घ्या म्हनावं.”

मी मराठीतून मराठीत भाषांतर करत होतो. बाहुलीचं आयुष्य आतून कसं असतं हे मला त्या दुपारी कळलं, आणि हे शिबिरात शिकवलेलं नव्हतं.

आम्ही तीन वेळा गेलो. तिन्ही वेळा हेच. मुख्य विषयाला कुणी हात घातला नाही. वाचस्पती परतताना गाडीत खूश असत. “आज बरीच बोलली,” म्हणत. ती माझ्याशी बोलली होती, हे मी त्यांना सांगत नसे.

चौथ्या वेळी मात्र माझी सहनशक्ती संपली. शाळेत तपासणी होऊन गेली होती, घसा बसला होता, आणि ऊन असं की गाडीचं स्टिअरिंग धरवत नव्हतं; बाहुल्यांचा रंग उतरू नये म्हणून मावशीसकट ट्रंक घरात आणून ठेवली होती. ताटावर बसल्याबसल्या ठेच्यात मीठ जास्त आहे की कमी यावर निरोपांची देवाणघेवाण सुरू झाली. पाचव्या निरोपाला मी हात धुतले.

“आक्का, माफ करा,” मी म्हणालो. “मी दमलो. आता एक तर तुमचं तुम्ही बोला, नाही तर दोघंही गप्प बसा.” आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

सून शेंगा फोडत बसली होती. “लय बरं केलंसा, गुरुजी,” ती हळूच म्हणाली. “आमचं बी कान किटलं.”

मग आतून ट्रंकेचा खटका वाजला. मी उठलो. आक्कांसमोर मावशीला बाहेर काढणं याहून मोठा मूर्खपणा माझ्या डोक्यात येत नव्हता, पण माफी मागायची तर त्यांच्याकडे दुसरं तोंडच नव्हतं. सुनेनं हात आडवा केला. “असू द्या. काय व्हायचं ते हू द्या.”

आतून आवाज आला, “आक्के, मी काय बोलत न्हाई, पण ह्या पोराचं चुकलं.”

आणि पुन्हा तोच आवाज, “कोन गं तू?”

मला वाटलं तेच दोन्हीकडून बोलतायत. पण पुढचं वाक्य ऐकलं आणि मी खाली बसलो.

“माजं लुगडं नेसून माज्याच दारात आलीस. कोन म्हनायचं तुला?”

आक्का बोलत होत्या. भावाशी नव्हे, बाहुलीशी. तिसरं माणूस मिळालं होतं.

“त्या दिशी तू कुटं व्हतीस?” आक्कांनी विचारलं.

“सोप्यात. उंबऱ्याच्या ह्या अंगाला,” मावशी म्हणाली. इतका पडलेला आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता.

“काय ऐकलंस?”

“पेरनी हुस्तवर थांबा, म्हनलीस त्ये.”

“आन् मग?”

“मग काय न्हाई. मग तू रडलीस.”

“त्याच्या मदी. मदी काय झालं?”

“मदी?” मावशी म्हणाली.

“मालक हसलं,” आक्का म्हणाल्या. “दोन म्हयनं तोंडावर हासू न्हवतं त्येंच्या. पोटात अन्नाचा कन न्हवता. मी मुद्दाम म्हनलं. त्येंनी हसावं म्हनून म्हनलं. आन् हसलं त्ये. म्हनलं, तू हायस की पेरायला. तुला कुटनं ऐकू येनार? यवढुसा आवाज ऱ्हायला व्हता. माजा आवाज मोटा, त्यो ऐकलास, आन् झालं तुजं. गावोगाव काय सांगतीस? बाई नवरा मरताना बी भांडली. माजी जाऊ पदर तोंडाला लावून हसली. हसायचं मालकांनी व्हतं, ती लोकं हसत्यात.”

शेजारी सून शेंग हातात तशीच धरून बसली होती. तिलाही हे माहीत नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

“सांगायचं तर समदं सांग,” आतून आलं. “न्हाई तर माजं लुगडं सोड.”

थोड्या वेळानं वाचस्पती ट्रंक घेऊन बाहेर आले. आक्का दारापर्यंत आल्या. मला म्हणाल्या, “गाडी सावकाश न्या, गुरुजी.” भावाकडे बघितलं नाही.

पुढचे दोन महिने वाचस्पतींनी तो प्रसंग करणंच सोडलं. मावशी सुनेवर आणि कंडक्टरवर बोलून थांबायची. कराडला लोक मागून ओरडले, “पेरणी! पेरणी घ्या!” वाचस्पती ओशाळल्यासारखे उभे राहिले आणि नमस्कार करून आत आले. आयोजकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “सरांची तब्येत बरी आहे ना?”

गाडीत मी म्हणालो, “सगळं सांगा म्हणाल्या आहेत ना? मग सांगून टाका.”

“सांगितलं तर हसणार नाहीत.”

“बरं, मग?”

“शेवटाला हसले नाहीत तर पुढच्या वर्षी बोलवत नाहीत. तीस वर्षांत मी लोकांना न हसवता रंगमंचावरून उतरलेलो नाही.” मग म्हणाले, “आणि दाजींना आवाज कुणाचा देऊ? दाजींना बाहुली नाही.”

ही त्यांची खरी अडचण होती असं मी मानत नाही. पण ते तीच धरून बसले.

जानेवारीत वाईला एका शाळेच्या स्नेहसंमेलनात कार्यक्रम होता. दुपारची वेळ, मांडव, पुढं सोफ्यावर पाहुणे. स्वागत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार आणि सत्काराला उत्तर असं सगळं झाल्यावर वाचस्पतींना वीस मिनिटं मिळाली. अध्यक्ष झाले, मेजर झाला. मावशी आली आणि चांगली रंगली. शेवटी ती जवारीवर आली तेव्हा मी विंगेत उभा होतो. 

“पेरनी हुस्तवर तरी थांबा की!”

मांडव हसला. वाचस्पती थांबले. हसणं ओसरेपर्यंत थांबले. मग मावशीचं तोंड त्यांनी हळूच खाली, स्वतःच्या मांडीकडे वळवलं आणि स्वतःच्या त्या घोगऱ्या, साध्या आवाजात म्हणाले, “तेव्हा मालक हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाले, तू आहेस की पेरायला. आणि गेले.” ते उठले, नमस्कार केला.

कुणी हसलं नाही. टाळ्या कुठं वाजवायच्या हेही कुणाला कळलं नाही. मागच्या पोरांनी खुर्च्या हलवल्या. पाहुण्यांपैकी एकानं घड्याळ बघितलं. ट्रंक गाडीत ठेवताना आयोजक आले, “सर, छान झालं. शेवटी जरा जड गेलं. मुलांचं गॅदरिंग आहे ना.”

“हो,” वाचस्पती म्हणाले.

कृष्णेचा पूल ओलांडला तेव्हा त्यांनी फोन काढला. ऐकायला कमी येत असल्यानं ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर लावत. सुनेनं उचलला.

“आक्काकडं दे.”

लांबून आक्कांचं ऐकू आलं, “काय काम हाय, इचार त्यास्नी.”

“मामा, काय काम हाय म्हनत्यात.”

“सांग तिला, आज समदं सांगितलं. वाईला.”

सुनेनं ते तिकडे सांगितलं. मग घरातली खुडबूड ऐकू आली. मी गाडी हळू केली. फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला.

“हसली का रं मानसं?”

“न्हाई, आक्का.”

“येक बी?”

“येक बी न्हाई.”



“मग आता तुला कोन बोलवनार रं कारेक्रमाला?”

“न्हाई बोलवलं तर न्हाई.”

“बसून काय करशील? हिकडं ये. जवारी भरलीया, पाखरं लय झाल्यात. राखनीला मानूस मिळंना. तुला न्हाई तरी वरडायलाच येतंय.”

“येतो,” ते म्हणाले.

वाईच्या लोकांनी पुढच्या वर्षी बोलावलं नाही. इतरांनीही हळूहळू बंद केलं. पुढं कुणी विचारायला आलं तरी मावशीचा नवा शेवट गाळा, एवढं एक सांगत, आणि ते त्याला तयार होत नसत. पण हे नंतरचं. त्या आठवड्यात ते एस.टी.नं गेले, ट्रंक न घेता. पुढच्या रविवारी त्यांना आणायला मी गाडी घेऊन गेलो.

जोंधळ्याच्या रानात मधोमध राखणीचा माळा बांधला होता आणि वाचस्पती त्यावर उभे राहून गोफण हातात घेऊन ओरडत होते. गोफण त्यांना येत नव्हती, आवाजही काही दांडगा नव्हता. पाखरं उठायची आणि जोंधळ्याची चार ताटं सोडून पुन्हा बसायची. बांधावर आक्का कमरेला पदर खोचून उभ्या होत्या.

“आरं, मोट्यानं वरड की!” त्या खालून ओरडल्या. “का पाखरांस्नी बी हसवायलायस?”